शेडच्या जमिनीचे पोपडे

भालकी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या थोरल्या मुलाने दोन वर्षांपूर्वी घरालगतच्या शेडमध्ये ट्रॅक्टर व दुचाकी दुरुस्तीचे काम सुरू केले, आणि शहरातील गॅरेजे पाहून शेडच्या सिमेंटच्या कोब्यावर इपॉक्सीचा करडा, आरशासारखा चकचकीत लेप देवविला. पहिल्याच पावसाळ्यात त्यावर फोड आले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाकांखाली पोपडे निघू लागले. मुलगा म्हणतो, पुन्हा एकदा लेप द्यावा, या खेपेस भारी प्रतीचा. आजोबा म्हणतात, सगळे उखडून शाबादी घालावी. भगिनी लिहितात की, यंदाच्या तुरीचे जे पैसे हाती आले त्यांतूनच धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे शुल्क भरावयाचे आहे. तेव्हा जमिनीसाठी त्यांतील किती रक्कम काढावी?

आम्ही गवंडी नाही की रसायनशास्त्रज्ञ नाही. परंतु अशाच तक्रारी कलबुर्गीकडील दोन-तीन वाचकांनीही कळविल्या आहेत, म्हणून या धंद्यातील जाणत्यांना विचारून व थोडे वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत. आधी एवढेच सांगतो की, पोपडा का निघाला हे कळल्यावाचून जमिनीवर एक रुपयाही घालू नये. ज्या कारणाने पहिला लेप गेला त्याच कारणाने दुसराही जातो, मग तो कितीही भारी असो.

इपॉक्सी म्हणजे रंग नव्हे. रंग वाळतो; इपॉक्सी जमते. एका डब्यात राळ असते, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केली की त्यांचा रासायनिक संयोग होऊन एक कठीण पदार्थ तयार होतो व तो पुन्हा कधी पातळ होत नाही. गंमत अशी की, १९३०च्या दशकात पियेर कास्तान नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ही राळ तयार केली ती दातांच्या कवळ्यांसाठी काही चांगला पदार्थ मिळावा या खटपटीत. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हेही याच वाटेवर होते. पुढे बाझेल येथील सिबा कंपनीने १९४६ साली हा पदार्थ चिकटविण्याच्या कामी बाजारात आणला. आपल्या प्रत्येक घराच्या फडताळात कधी ना कधी ॲरल्डाइटच्या दोन नळ्या पडलेल्या असतात, त्या याच कुळातील. ज्या वस्तूने तुटलेला कप सांधतो, तिच्या जातीचाच लेप आपण जमिनीवर पसरतो, आणि कप सांधताना जे नियम पाळतो तेच येथेही आहेत: जागा स्वच्छ हवी, कोरडी हवी, किंचित खरखरीत हवी, आणि दोन्ही नळ्यांचे प्रमाण बरोबर हवे. तेलकट कप सांधत नाही हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. शेडची जमीन मात्र तेलकट असूनही सांधेल, अशी आशा पुष्कळजण धरतात.

आता पोपडा हातात घ्यावा आणि उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीवर सगळी हकीकत लिहिलेली असते.

पाठ गुळगुळीत व चकचकीत असेल, तर लेपाने खालच्या कोब्याला कधी धरलेच नव्हते. मिस्त्रीने कोबा घोटून घोटून काचेसारखा केला असेल व त्यावर घासकाम न करता लेप ओतला असेल; अथवा खाली ग्रीज वा डिझेल मुरले असेल. जवळच्या उघड्या कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे. थेंब मुरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे असे समजावे.

पाठीला करडी भुकटी वा कोब्याचा पातळ थर चिकटून आला असेल, तर दोष लेपाचा नाही, कोब्याचा आहे. सिमेंट टाकताना पाणी फाजील झाले की दुधासारखी साय वर येते व तीच वाळून वरचा थर होतो. त्या थरात दम नसतो. लेपाने त्याला घट्ट धरले, पण त्याने स्वतः खालचा कोबा सोडला.

पाठ दमट असेल, किंवा तिच्यावर पांढरे क्षार जमलेले दिसतील, तर पाणी खालून येत आहे. सुईने एखादा फोड फोडून पाहावा. आतून पाण्याचा थेंब आला तर शंकाच उरत नाही.

आणि पोपडे फक्त चाके उभी राहतात तेथेच असतील, बाकी जमीन धडधाकट असेल, तर तो तापलेल्या टायरांचा प्रताप होय. दूरवरून आलेल्या गाडीचे टायर गरम असते. ते लेपाला मऊ करते, मग थंड होताना आकसते आणि पातळ लेपाला आपल्याबरोबर ओढून घेते. स्वस्त व पातळ लेपांना हा रोग विशेष जडतो. सास्तापूर, हुमनाबाद या बाजूस राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून उन्हातून येणाऱ्या मालगाड्या ज्यांच्या दारी दुरुस्तीस थांबतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पत्रातील हकीकतीत फोड आधी, पोपडे नंतर, आणि दोन्ही पावसाळ्याच्या मागोमाग. यावरून आमचा संशय पाण्यावर आहे.

या संशयास आपला मुलूखही साक्ष देतो. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच असून त्याच्या माथ्यावर तांबड्या जांभा दगडाची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या काळ्या दगडापाशी अडते आणि वाट मिळेल तेथून बाहेर पडते. नानक झिऱ्याचे वाहते पाणी, झरणी नरसिंहाच्या गुहेतील कमरेइतके पाणी, ही त्याचीच रूपे. बहामनी काळच्या लोकांनी हे ओळखून नौबादपाशी जमिनीच्या पोटातून करेझ खोदला व ते पाणी शहराकडे वळविले. ज्या दगडाने शहरास पाणी पाजले तो दगड तुमच्या शेडखाली असेल तर तो कोरडा राहावा कसा? आणि जेथे जांभा नाही तेथे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते व तिच्यावरचा कोबा वर्षातून दोनदा उचलते व सोडते. अशा कोब्याला भेग पडली म्हणजे तिच्यावरचा लेपही त्याच रेषेत फाटतो, कारण इपॉक्सी कठीण आहे, लवचिक नाही.

कोबा हा डोळ्यांना दगडासारखा दिसला तरी आतून स्पंजासारखाच असतो. खालची वाफ त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून सतत वर येते व उडून जाते. उघडा कोबा असा श्वास घेत असतो तोवर कोणास काही कळत नाही. त्यावर इपॉक्सीचे झाकण बसले की वाफ कोंडते. म्हणून नव्या बांधकामात कोबा टाकण्याआधी मुरुमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात. जुन्या शेडखाली असा कागद घातल्याचे क्वचितच आढळते.

ओल तपासण्याची युक्ती बिनखर्ची आहे. दीड फूट लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा उघड्या कोब्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्या व किमान सोळा तास तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतून दव दिसले अथवा खालचा कोबा काळसर झाला असला, तर ओल आहे. एकाच जागी न करता तीन-चार जागी करावे. भिंतीकडेला एक अवश्य. मात्र येथे एक फसगत संभवते. ही परीक्षा चैत्र-वैशाखात केली तर आपल्या भागातील कोणतीही जमीन कोरडी ठरेल. परीक्षा श्रावण-भाद्रपदात करावयाची असते. लेप विकणारे मार्चमध्ये कागद चिकटवून दाखवितात आणि घरमालक समाधान पावतो. त्यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही, पण जमीन पावसाळ्यात काय करते हे त्या कागदाला कसे कळावे?

समजा, परीक्षेत जमीन कोरडी निघाली व दोष केवळ घासकामाचा ठरला. तर लेप पुन्हा देण्यास हरकत नाही. लहान हातोडीने सगळी जमीन ठोकीत जावे. जेथे पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करावी. जेथे आवाज भरीव आहे तेथे धारदार सुरीने फुलीच्या आकाराचा छेद द्यावा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. लेप पट्टीबरोबर आला नाही तर तो भाग ठेवण्याजोगा आहे. तो नुसता घासून खरखरीत केला की पुरे. परंतु चौथा हिस्सा जमीन पोकळ बोलू लागली तर ठिगळे लावीत बसू नये, सगळेच काढावे, असे आमचे मत आहे. जुन्या धोतरास नव्या कापडाचे ठिगळ लाविले की काय होते हे वाचकांस सांगावयास नको.

काढण्याचे काम हिऱ्याच्या चाकाच्या ग्रायंडरने होते. कोणी ऍसिड ओतण्याचा सोपा मार्ग सुचवील. ऍसिड जुन्या इपॉक्सीचे काही बिघडवीत नाही, तेलाखालीही पोहोचत नाही. उलट नीट धुतले गेले नाही तर क्षार मागे ठेवते व कोब्यात पाणी भरते ते निराळेच. तरीही कोणी वापरलेच, तर ऍसिड पाण्यात ओतावे, पाणी ऍसिडमध्ये कधीही ओतू नये.

येथे घरातील मुलांविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण जमिनीपेक्षा ती मोलाची आहेत. ग्रायंडर लागला की शेडभर पांढरा धुरळा उठतो. तो पिठासारखा निरुपद्रवी नाही. वाळूतील सिलिका त्यात असते. तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात व पुन्हा निघत नाहीत. सिलिकोसिस हा रोग असाच होतो, आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. तोंडास रुमाल बांधून हा धुरळा अडत नाही. यंत्राला धूळ ओढणारी नळी हवी, नाहीतर पाणी शिंपडीत ओले घासावे, आणि तोंडावर कणरोधक मुखपट्टी हवी. विजेचे यंत्र आणि पाणी एकत्र आले म्हणजे जोडणीची काळजी दुप्पट घ्यावी, हे ओघानेच आले. दुसरी गोष्ट हार्डनरची. तो उघड्या कातडीस वारंवार लागला तर काहींना त्याचे वावडे जडते, व एकदा जडले की ते जन्मभर टिकते. मग नुसत्या वासानेही अंगावर पुरळ उठते. सुती हातमोजे उपयोगाचे नाहीत, नायट्राइल रबराचे घ्यावे. हातास लागलेला लेप थिनरने पुसू नये, साबणाने धुवावा. थिनर तो कातडीत अधिकच मुरवितो. आणि थिनरचा डबा उघडा असता शेडमध्ये विडी नको. पुष्कळ घरी शेड व चूल यांमध्ये एक पत्र्याचा आडोसा तेवढा असतो, म्हणून हे लिहावे लागते.

भेगा असतील त्या इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे कोरून इपॉक्सी व बारीक वाळू यांच्या लुगदीने भराव्या. मात्र कोब्यात मुद्दाम सोडलेले सांधे भरून टाकू नयेत. ते जमिनीच्या हालचालीसाठीच असतात.

ऋतूचाही विचार हवा. दोन्ही डबे एकत्र केले की उष्णता उत्पन्न होते व घड्याळ सुरू होते. अंदाजाचा नियम असा की, दर दहा अंश उष्णता वाढली की जमण्याचा वेग दुप्पट होतो. पंचवीस अंशांवर अर्धा तास टिकणारे मिश्रण कलबुर्गीच्या मे महिन्यातील चाळीस अंशांत दहा-बारा मिनिटांत बादलीतच गोळा होईल. म्हणून थोडे थोडे कालवावे व लगेच जमिनीवर ओतून पसरावे. बादलीत साठलेले मिश्रण आपल्याच उष्णतेने लवकर जमते. उलट, पौषातील थंड पहाटे जमिनीवर दव धरते, व त्या वेळी दिलेल्या लेपावर चिकट साय येते. दिवाळीनंतर उकाडा लागेपर्यंतचे दिवस, आणि त्यांतही सकाळचे ऊन वर आल्यानंतरचे काम, हे आपल्याकडे सर्वांत बरे. नवा कोबा असेल तर तो टाकल्यापासून अठ्ठावीस दिवस झाल्याखेरीज लेपाचे नाव काढू नये.

आता हिशेब. वीस फूट बाय पंधरा फुटांची शेड म्हणजे तीनशे चौरस फूट, अर्थात सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. एक लिटर लेप एक चौरस मीटरवर पसरला तर तो एक मिलिमीटर जाड होतो. टायरांपुढे टिकण्यास निदान पाव ते तृतीयांश मिलिमीटर जाडी हवी असे धरले, तर या शेडला सात ते नऊ लिटर लागतील, आणि तेही ज्यातून काही उडून जात नाही अशा घट्ट लेपाचे. पाण्यात कालविलेल्या लेपाचा पुष्कळदा निम्मा भाग वाळताना उडून जातो. कोणी चार लिटर पाण्याच्या लेपात अशी शेड करून देतो म्हणाला, तर जमिनीवर जे उरते ते माणसाच्या केसाच्या जाडीचे असते. विक्रेत्यास रंग कोणता हे न विचारता, वाळल्यावर जाडी किती राहील हे विचारावे. वर बारीक वाळू पेरून घ्यावी. चकचकीत जमिनीवर तेल सांडले की पाय घसरतो, आणि हातात पाना असलेला माणूस पडला म्हणजे साधे खरचटण्यावर भागत नाही.

हे झाले कोरड्या जमिनीचे. परंतु भगिनीच्या शेडमध्ये ओल आहे असाच आमचा कयास असल्याने आजोबांच्या म्हणण्याकडे वळणे प्राप्त आहे.

शाबादी, म्हणजे शहाबादी फरशी, ही आपल्या घरचीच. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या भागांत भीमेच्या खोऱ्यातील चुनखडीचे सपाट थर एकावर एक पुस्तकाच्या पानांसारखे पडलेले आहेत. पाचर ठोकली की पान सुटे होते. १८७१ साली रेल्वे रायचूरपर्यंत गेली आणि हा दगड गाडीत बसून मुंबईकडे निघाला. मुंबई-पुण्याच्या किती चाळींच्या ओट्यांवर व न्हाणीघरांत तो आजही पायांखाली आहे, त्यास गणती नाही. आणि ज्या सिमेंटचा कोबा आपण करतो तेही वाडी, सेडम, मळखेड येथील कारखान्यांत याच चुनखडीपासून होते. म्हणजे आजोबा व नातू यांचा वाद एकाच डोंगराच्या दोन लेकरांविषयी आहे म्हणावयाचे.

ओलसर जागी शाबादीचा गुण असा की, तिच्या सांध्यांतून जमीन श्वास घेते. फोड येण्याचा प्रश्न नाही. एखादी फरशी फुटली तर तेवढी एक काढून दुसरी बसविता येते. दोष आहेत, ते लपवू नयेत. ती चुनखडी असल्याने बॅटरीचे ऍसिड सांडले की फसफसते व तेथे कायमचा खड्डा पडतो. तेल पिते, डाग जात नाहीत. पातळ फरशी जॅकखाली फुटते. म्हणून शेडसाठी दोन इंच जाड, न तासलेली, खरबरीत फरशी घ्यावी. खाली मसाल्याची बैठक पोकळी न ठेवता पूर्ण भरावी, आणि जॅक लावताना त्याखाली जाड फळी ठेवावी. सध्याच्या लेपावर मसाला धरणार नाही. छिन्नीने टाचे मारून तो खरवडून घ्यावा लागेल. जमीन तीन-चार इंच उंच होईल, तेव्हा पाण्याचा उतार व दाराचा उंबरठा आधी मापून पाहावा. कोब्याखाली काळी माती असून भेगा दरवर्षी उघडत असतील तर मात्र फरशीही हलेल. तेथे माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरून धुम्मस केल्यावाचून इलाज नाही, आणि तो खर्च मोठा आहे.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे, तो आम्हांस या घरासाठी अधिक पसंत आहे. दुकानात डेन्सिफायर या नावाने सिलिकेटचे पातळ द्रावण मिळते. ते कोब्यात मुरते, आतील मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि छिद्रे आकसून वरचा भाग कठीण करते. वर कातडी धरीत नाही, म्हणून सोलण्यासारखे काही राहत नाही, व वाफेस वाट राहते. त्याने जमीन आरशासारखी दिसणार नाही, तेलाचा डाग लागलीच पुसावा लागेल, आणि मुळात भुसभुशीत असलेला कोबा त्याने सुधारणार नाही. परंतु धूळ मरते, झाडणे सोपे होते, आणि खर्च नव्या लेपाहून पुष्कळ कमी येतो. मुलाने जुना लेप स्वतः, पण वर सांगितलेली काळजी घेऊन, ओला घासून काढला तर मजुरीही वाचेल. जेथे जॅक लागतो व लोखंड आपटते तेवढ्याच दोन पट्ट्यांत जाड शाबादी बसवावी. आजोबांचेही मन राहील.

मुलास हे मिळमिळीत वाटेल, हे आम्ही जाणतो. गिऱ्हाईक चकचकीत जमीन पाहून येते हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने एकदा बिदरला महमूद गावानच्या मदरशासमोर उभे राहावे. १४७२ च्या सुमारास बांधलेल्या त्या इमारतीची भिंत रंगीत चकाकणाऱ्या कौलांनी मढविलेली होती. बरीचशी कौले गळून गेली आहेत, काही अजून तग धरून आहेत. ज्या भिंतीने ती धरली होती ती मात्र उभी आहे व लोक आजही ती पाहावयास येतात.

पैशाविषयी भगिनीने जे विचारले त्याचे उत्तर असे. मुलीचे शुल्क आधी भरावे, संपूर्ण भरावे. शुल्काची मुदत चुकली तर वर्ष जाते. जमीन आणखी एक पावसाळा पोपड्यांसह काढू शकते. मोकळे झालेले पोपडे तेवढे खरवडून टाकावे, म्हणजे कोणी अडखळून पडणार नाही. पावसाळ्यात भाद्रपदाच्या सुमारास चार जागी प्लास्टिकचे कागद चिकटवावे, दिवाळीनंतर काय करावयाचे ते ठरवावे. दरम्यान आम्हांस पुन्हा लिहावे, आणि पाकिटात पोपड्याचे दोन तुकडे घालावे: एक चाकाखालचा, एक भिंतीकडेचा. दोन्ही निरनिराळ्या पुड्यांत बांधून प्रत्येक पुडीवर जागा लिहावी.